एमएस: रोज नवीन संशोधन, पण आपल्या हाताशी नक्की काय आहे?

निशिगंधा_नाशिक:

नमस्कार मंडळी. थकव्याच्या धाग्यावर एमएसचं (मल्टिपल स्क्लेरोसिस) अवांतर फार व्हायला लागलं, धागाकर्त्याने दोनदा हात जोडले, म्हणून हा वेगळा काढतेय. मला स्वतःला रिलॅप्सिंग, म्हणजे अटॅक येऊन ओसरणारा, एमएस आहे. आधी डोळा झाला, लाल रंग विटकरी दिसायला लागला, चष्मेवाल्याने नंबर बदलून दिला, मग मान खाली घातली की पाठीतून करंट जायला लागला आणि मग एमआरआय. ती सगळी कर्मकहाणी सांगत बसत नाही, ज्यांना आहे त्यांना ती पाठ असते. ज्यांना नाही त्यांच्यासाठी एवढंच की आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू, मणका आणि डोळ्याच्या नसेवरचं मायलिनचं आवरण खाते.

तर विषय असा की आमच्या फॅमिली ग्रुपवर दर पंधरवड्याला कोणीतरी "एमएसचं मूळ सापडलं" म्हणून बातमी टाकतं आणि माझी आत्या लगेच फोन करते की अगं आता बरी होशील ना. म्हणून बसून नीट वाचायला लागले. मी डॉक्टर नाही, बँकेत आहे, पण आकडे वाचता येतात.

सगळ्यात मोठी बातमी २०२२ ची. हार्वर्डच्या लोकांनी अमेरिकन सैन्याच्या रक्ताच्या नमुन्यांवर काम केलं. तिथे भरती होताना आणि मग ठराविक काळाने रक्त घेतात आणि सीरम जपून ठेवतात. एक कोटीहून जास्त सैनिक, वीस वर्षांचा काळ, त्यात ९५५ जणांना नोकरीत असताना एमएस झाला. ज्यांचे पुरेसे नमुने मिळाले त्यांच्यातले ३५ जण सुरुवातीला एपस्टाईन-बार व्हायरस म्हणजे ईबीव्ही न झालेले होते, आणि त्या ३५ पैकी ३४ जणांना एमएस सुरू व्हायच्या आधी ईबीव्हीची लागण झाली. हिशोब केला तर लागण झाल्यावर एमएसची शक्यता ३२ पट. दुसरा एक तसाच पसरणारा व्हायरस, सीएमव्ही, त्याने काही फरक पडत नव्हता. म्हणजे कुठलंही इन्फेक्शन चालेल असं नाही, हाच पाहिजे. शिवाय मज्जातंतू तुटल्यावर रक्तात जे प्रोटीन वाढतं ना, न्यूरोफिलामेंट, ते लागणीच्या आधी नॉर्मल आणि नंतर वाढलेलं. मला तर वाचताना काटा आला.

त्याच महिन्यात स्टॅनफर्डच्या गटाने दाखवलं की या व्हायरसचं एक प्रोटीन आणि आपल्या मेंदूतलं ग्लायलकॅम नावाचं प्रोटीन यांचा एक तुकडा इतका सारखा आहे की काही रुग्णांच्या अँटीबॉडी दोघांनाही चिकटतात. चोराचं वर्णन जुळलं म्हणून घरातल्याच माणसाला धरून नेलं तसला प्रकार.

आता खरा मुद्दा. ईबीव्ही लपून बसतो बी पेशींमध्ये, म्हणजे अँटीबॉडी बनवणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या पेशींमध्ये. आणि गेल्या पंधरा वर्षांत एमएसमध्ये सगळ्यात चांगली चाललेली औषधं कुठली, तर बी पेशी उडवणारी. ऑक्रेलिझुमॅब २०१७ ला अमेरिकेत मंजूर झालं, सहा महिन्यांनी एकदा सलाईनमधून. ऑफाटुमुमॅब २०२० ला, महिन्याला एक इंजेक्शन, घरीच टोचायचं. आणि या दोघांचा थोरला भाऊ रिटुक्सिमॅब, जो मूळचा लिम्फोमाचा, म्हणजे एका कॅन्सरचा, १९९७ पासून बाजारात आहे. एमएसवर त्याची चाचणी २००८ मध्ये छापून आली, १०४ लोक, एकाच कोर्सनंतर एमआरआयमधले ताजे डाग एकदम खाली. पण पुढची मोठी चाचणी रिलॅप्सिंग एमएसमध्ये कंपनीने याची केलीच नाही, नव्या औषधाची केली. का ते सांगायला अर्थशास्त्र शिकायला नको.

आपल्याकडे डॉ. रेड्डीजने २००७ मध्येच रिटुक्सिमॅबचं बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखंच बनवलेलं औषध, काढलं आणि नंतर इतरांनीही. मी तेच घेते. लेबलवर एमएस लिहिलेलं नाही, म्हणजे ऑफ-लेबल. पण जुलै २०२३ मध्ये डब्ल्यूएचओने अत्यावश्यक औषधांच्या यादीत पहिल्यांदाच एमएसची औषधं घातली, क्लॅड्रिबिन, ग्लॅटिरॅमर आणि रिटुक्सिमॅब. माझ्या मते आपल्यासारख्यांसाठी ही बातमी व्हायरसपेक्षा मोठी आहे आणि ती एकाही ग्रुपवर आली नाही!

तर लिहा. कोण काय घेतंय, कोणाला काय नवीन कळलंय. चमत्काराच्या लिंका नकोत प्लीज.

मिलिंद_क:

छान लिहिलंय ताई. पण एक कळलं नाही. हा ईबीव्ही तर म्हणे जवळपास सगळ्या मोठ्या माणसांना झालेला असतो. मग सगळ्यांना एमएस का नाही? आणि माझ्या भाचीला आहे तर घरातल्या पोरांची टेस्ट करून घ्यायची का?

निशिगंधा_नाशिक:

मिलिंददादा, बरोबर, ९५ टक्के प्रौढांना तो होऊन गेलेला असतो. आपल्याकडे लहानपणीच होतो, साधा ताप म्हणून निघून जातो, कळतही नाही. परदेशात तो बऱ्याचदा कॉलेजच्या वयात होतो आणि तेव्हा घसा, गाठी, महिनाभर अशक्तपणा असं मोनो म्हणून दिसतो. त्या वयात मोनो झालेल्यांना एमएसचा धोका जास्त असतो. व्हायरस लागतोच, पण तेवढ्याने होत नाही, बाकी जीन्स, सिगरेट, लहानपणचं वजन, ऊन कमी मिळणं, हे सगळं जुळून यावं लागतं. त्यामुळे पोरांची टेस्ट करून काय करणार, पॉझिटिव्हच येणार आणि घरात उगाच घबराट. लस बनवायचं काम चालू आहे पण लस चालते की नाही हे कळायला मुलं मोठी व्हायला लागतील. आणि झालेल्या एमएसमध्ये ईबीव्हीवर थेट हल्ला करणारी पेशींची थेरपी होती, एटीए१८८, ती नोव्हेंबर २०२३ मध्ये चाचणीत फेल गेली. म्हणजे व्हायरस ठिणगी टाकून निघून जातो की पुढेही तेल ओतत राहतो, यावर अजून भांडण चालू आहे.

वैदेही_स्टॉकहोम:

+१. मी इथे स्वीडनमध्ये रिटुक्सिमॅबवर आहे आणि इथे ते ऑफ-लेबल असूनही एमएससाठी सगळ्यात जास्त वापरलं जाणारं औषध आहे!! आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली म्हणजे तुला कॅन्सरचं औषध देतात आणि तू मला सांगत नाहीस, मग समजावण्यात एक रविवार गेला.

इथल्या डॉक्टरांनी कंपनीची वाट न बघता स्वतःच चाचणी केली, सरकारी पैशातून. रिफंड-एमएस असं नाव, २०२२ ला आली. २०० लोक, अर्ध्यांना रिटुक्सिमॅब, अर्ध्यांना डायमिथाइल फ्युमरेट, दोन वर्षं. रिलॅप्स आला तो रिटुक्सिमॅबमध्ये ३ टक्के लोकांना आणि दुसरीकडे १६ टक्के. आता तुम्ही भारतातल्या किती लोकांना आधी डायमिथाइल फ्युमरेट नाहीतर टेरिफ्लुनोमाइड देतात ते बघा, कारण गोळी आहे, स्वस्त जेनेरिक आहे. वाईट औषधं नाहीत ती, पण आजार जोरात असेल तर पायरी पायरीने वर जायच्या नादात मधली दोन-तीन वर्षं जातात आणि त्यात जे गेलं ते परत येत नाही. इथे पहिल्याच भेटीत मोठं औषध सुरू करतात.

आता दुसरी बाजू पण लिहिते नाहीतर म्हणाल जाहिरात करतेय. वर्षानुवर्षं घेतलं की काही जणांचं इम्युनोग्लोब्युलिन (रक्तातल्या अँटीबॉडी) खाली जातं, मग सायनस, छाती, युरिन इन्फेक्शन वारंवार. कोविडमध्ये आमच्यासारख्यांना लसीच्या अँटीबॉडी धड बनल्या नाहीत. म्हणून आता इथे सहा महिन्यांऐवजी वर्षाने डोस दिला तर चालतो का याची चाचणी चालू आहे. माझं दर वेळी डोसच्या आधी आयजीजी (अँटीबॉडीचं प्रमाण) आणि सीडी१९ (बी पेशी किती आहेत) बघतात.

मिरजकर_फिजिशियन:

धागा चांगला आहे. मी न्यूरोलॉजिस्ट नाही, एमडी मेडिसिन आहे, पण आमच्या भागात न्यूरोकडे जायच्या आधी पेशंट माझ्याचकडे येतो म्हणून दोन गोष्टी.

वैदेहीताईंच्या चाचणीसोबत हेही वाचा की २०२३ मध्ये वेगवेगळ्या देशांच्या रजिस्टरमधून रिटुक्सिमॅब आणि ऑक्रेलिझुमॅबची तुलना आली होती, त्यात रिटुक्सिमॅबवाल्यांना रिलॅप्स जरा जास्त दिसले. पण ती आमनेसामनेची चाचणी नव्हती, नोंदींवरून केलेली तुलना होती, आणि दोन्ही गटांत आकडे मुळात कमीच. ज्याला परवडतं त्याने ऑक्रेलिझुमॅब घ्यावं, ज्याला नाही त्याने रिटुक्सिमॅबला दुय्यम समजून काहीच न घेता बसू नये.

पण मला खरं बोलायचंय ते निदानाबद्दल. आपल्याकडे "एमएस" म्हणून फाइलवर लिहिलेले सगळे एमएस नसतात. एनएमओ (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका) नावाचा वेगळाच आजार आहे, जुन्या पुस्तकात डेव्हिक्स डिसीज, तो एमएसचाच प्रकार समजायचे. २००४ मध्ये मेयो क्लिनिकच्या लोकांनी त्याची अँटीबॉडी शोधली, नंतर ती ॲक्वापोरिन-४ या प्रोटीनविरुद्ध आहे हे कळलं, आणि मग सगळं चित्र बदललं. तिसरा आजार एमओजी या मायलिनवरच्या प्रोटीनविरुद्धच्या अँटीबॉडीचा. हे भेद करायची गरज अशी की इंटरफेरॉन, फिंगोलिमोड, नॅटालिझुमॅब ही एमएसची औषधं एनएमओच्या पेशंटला दिली तर आजार उलट बळावतो. पेशंटला अटॅक येतो, डॉक्टर म्हणतो औषध कमी पडतंय, वाढवा. झालं.

संशय कधी घ्यायचा? मणक्याच्या एमआरआयमध्ये एकच लांबलचक डाग, तीन किंवा जास्त मणक्यांएवढा. दोन्ही डोळे एकदम किंवा एक डोळा पूर्ण काळोख. आणि एक लक्षण जे ऐकून लोक हसतात ते म्हणजे दिवसचे दिवस न थांबणारी उचकी आणि उलट्या. एक बाई माझ्याकडे आल्या त्या पोटाच्या डॉक्टरकडून दोनदा एंडोस्कोपी करून, घरच्यांनी मोरावळा, साखर, दृष्ट सगळं करून झालं होतं, आणि पाय जड होतात हे त्यांनी जाता जाता दारात उभं राहून सांगितलं. मेंदूच्या खालच्या टोकाला उलटीचं केंद्र असतं तिथे सूज होती. ॲक्वापोरिन पॉझिटिव्ह.

या अँटीबॉडीची टेस्ट शक्यतो सेल-बेस्ड (पेशींवर केलेल्या) पद्धतीची करा आणि प्लाझ्मा एक्सचेंज (रक्तातला प्लाझ्मा बदलणं) किंवा रिटुक्सिमॅब द्यायच्या आधी रक्त काढून ठेवा. आणि बी१२ बघा हो, शाकाहारी माणसाला हातापायाला मुंग्या येतात म्हणून थेट मेंदूचा एमआरआय आणि बी१२ राहिलेलंच, असं रोज बघतो.

रुस्तम_कॅम्प:

डॉक्टर, एक ॲडिशन. आमच्या पारशी लोकांत एमएस बाकी भारतीयांपेक्षा जास्त दिसतो हे १९९० मध्येच मुंबईच्या डॉ. नोशीर वाडियांनी छापलं होतं. तोपर्यंत पुस्तकात लिहायचे की हा गोऱ्यांचा, थंड देशांचा आजार, इंडियात नसतोच. आमच्या अगियारीच्या गल्लीत मात्र प्रत्येकाला कोणतरी व्हीलचेअरवरची आंटी माहीत होती. माझी मावशी त्यातलीच, तिला कित्येक वर्षं नर्व्हस ब्रेकडाऊन म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या. जीन्सचा भाग आहेच, एचएलए म्हणतात ती प्रतिकारशक्तीची जीन्स. एमएस सोसायटी ऑफ इंडिया पण मुंबईतच १९८५ ला सुरू झाली, पुण्यात पण त्यांचं काम आहे, नवीन पेशंटने एकदा जाऊन भेटावं, निदान तिथे कोणी "तू तर ठणठणीत दिसतोस" म्हणत नाही.

आरोग्यधन:

एवढी जड जड औषधं घेण्यापेक्षा व्हिटॅमिन डी भरपूर घ्या, गहू बंद करा, पंचकर्म करा. सगळे ऑटोइम्युन आजार पोटातून सुरू होतात. माझ्या ओळखीत एक जण पूर्ण बरे झालेत. फार्मा कंपन्यांना हे नकोय.

मिरजकर_फिजिशियन:

आरोग्यधन, ओळखीतला एक जण म्हणजे पुरावा नाही, कारण या आजारात अटॅक येतो आणि काही न करताही बऱ्याचदा ओसरतो. त्या वेळी जे चालू असेल त्याला श्रेय मिळतं. गहू सोडला तेव्हा ओसरला तर गहू, शनीला तेल घातलं तेव्हा ओसरला तर शनी.

पण डी बद्दल तुम्ही म्हणताय त्यात थोडं तथ्य आहे आणि ते नीट सांगायला हवं. मार्च २०२५ मध्ये फ्रान्सची चाचणी आली, ३१६ लोक, पहिलाच झटका आलेले, दुसरं कुठलंही औषध चालू नसलेले. दर दोन आठवड्यांनी एक लाख युनिट डी किंवा नुसतं दिखाऊ औषध. दोन वर्षांत आजाराची हालचाल दिसली ती डी गटात ६०.३ टक्के लोकांत आणि दुसऱ्यात ७४.१ टक्के. फरक आहे, नाही म्हणत नाही. पण तो मुख्यतः एमआरआयवरच्या डागांत, प्रत्यक्ष रिलॅप्समध्ये ठोस फरक नव्हता. आणि उलटं वाचा, डी घेऊनही साठ टक्के लोकांत आजार पुढे सरकलाच. ज्यांचं औषध आधीच चालू आहे त्यांना जास्त डोस देऊन काही वाढीव फायदा अमेरिकेतल्या २०२३ च्या चाचणीत दिसला नाही. तेव्हा डी कमी असेल तर भरून काढा, डॉक्टरला विचारून. औषधाऐवजी नको. लोक स्वतःच्या मनाने आठवड्याच्या सॅशे रोज घेतात आणि कॅल्शियम वाढून मुतखडा घेऊन येतात.

तात्या_बार्शीकर:

सर्वांना नमस्कार. टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या. माझा मुलगा ४४ वर्षांचा, आधी रिलॅप्सिंग होता, आता गेली काही वर्षं अटॅक येतच नाहीत, पण पाय हळूहळू जड होत चाललेत. काठीवरून वॉकरवर आला. डॉक्टर म्हणतात सेकंडरी प्रोग्रेसिव्ह. एमआरआयमध्ये नवीन काही नाही म्हणतात, आणि आम्हाला तर दर दिवाळीला फरक दिसतो. वरचं सगळं वाचलं पण आमच्यासाठी त्यात काही आहे का?

एकदा २०११ च्या सुमारास आम्ही एका मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलात मानेच्या शिरा फुगवायची प्रोसिजर करून घेतली होती. शेताचा तुकडा विकून. तेव्हा सांगितलं होतं की शिरा आखडल्यामुळे मेंदूत लोह साचतं. परदेशातले पेशंट तिथे रांगेत होते हो, कॅनडाचे वगैरे, म्हणून विश्वास बसला. पंधरा दिवस पोरगा म्हणाला बरं वाटतंय आणि मग जसंच्या तसं. आता एक माणूस स्टेम सेलचं सांगतोय, मणक्यात इंजेक्शन, चार वेळा. फोनवर रोज फोन करतो. काय करावं?

निशिगंधा_नाशिक:

तात्याकाका, आधी त्या फोनवाल्याला ब्लॉक करा. शिरांची ती थिअरी झांबोनी नावाच्या इटालियन डॉक्टरने २००९ मध्ये मांडली, जगभर लोक धावले, आणि नंतर कॅनडात आणि इटलीत खोटी प्रोसिजर विरुद्ध खरी प्रोसिजर अशा चाचण्या झाल्या. फरक शून्य. झांबोनी स्वतः त्या इटलीच्या चाचणीत होते, त्यांनाही मान्य करावं लागलं. पंधरा दिवस बरं वाटलं ते खोटं नाही काका, खोट्या प्रोसिजरवाल्यांनाही तसंच वाटलं होतं.

तुमच्या मुलाच्या बाबतीत जे चाललंय त्यावरच आता सगळ्यात जास्त काम चालू आहे. आमची औषधं बाहेरून मेंदूत घुसणाऱ्या पेशी अडवतात, म्हणून अटॅक थांबतात. पण मेंदूच्या आत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी आहेत त्या आतल्या आत धुमसत राहतात, अटॅक नाही, नवीन डाग नाही, तरी माणूस खालावतो. रक्तातून दिलेली अँटीबॉडीची औषधं तिथे फारशी पोचतच नाहीत. म्हणून मेंदूत शिरणाऱ्या गोळ्यांवर सगळ्यांचं लक्ष होतं, बीटीके इन्हिबिटर, म्हणजे बीटीके नावाचं एन्झाइम रोखणाऱ्या. पहिली इव्होब्रुटिनिब, ती डिसेंबर २०२३ मध्ये आपटली. दुसरी टोलेब्रुटिनिब. हिची एप्रिल २०२५ मध्ये आलेली चाचणी मात्र तुमच्या मुलासारख्याच लोकांवर होती, अटॅक न येणारे सेकंडरी प्रोग्रेसिव्ह, ११३१ जण. अपंगत्व पक्कं वाढलं ते गोळी घेणाऱ्यांत २२.६ टक्के लोकांचं आणि न घेणाऱ्यांत ३०.७ टक्के. या गटात कुठल्याही औषधाने असं दाखवणं ही खूप मोठी गोष्ट आहे, मी ते वाचून दोनदा परत वाचलं.

पण मग दुसरी बाजू. लिव्हर. २०२२ मध्येच अमेरिकेच्या एफडीएने लिव्हरच्या इजेमुळे नवीन लोक घेणं थांबवलं होतं, आणि या चाचणीतही एका पेशंटला लिव्हर ट्रान्सप्लांट करावं लागलं आणि त्यानंतरच्या गुंतागुंतीत मृत्यू झाला. आणि गंमत बघा, हीच गोळी रिलॅप्सिंगवाल्यांत अटॅक कमी करण्यात जुन्या टेरिफ्लुनोमाइडपेक्षा सरस ठरली नाही. म्हणजे अटॅक आणि खालावणं या दोन वेगळ्या वाटा आहेत याला त्यातून उलट बळच मिळालं.

स्टॅटिनचं पण ऐकलं असेल, कोलेस्टेरॉलची गोळी सिम्वास्टॅटिन. २०१४ मध्ये छोट्या चाचणीत मेंदू आक्रसणं ४३ टक्के कमी झालेलं, सगळे खूश, आणि मग ब्रिटनमध्ये ९६४ लोकांवर नीट केली तर अपंगत्वात काहीच फरक नाही. तिथे आता मेटफॉर्मिन आणि अल्फा लिपॉइक ॲसिडची ऑक्टोपस नावाची चाचणी प्रोग्रेसिव्हमध्ये चालू आहे. या दोन्ही गोळ्या आपल्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळतात म्हणूनच सांगते, निकाल यायच्या आधी मनाने सुरू करू नका.

वैदेही_स्टॉकहोम:

स्टेम सेल या शब्दाखाली दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी विकल्या जातात तात्याकाका. एक, कॅन्सर हॉस्पिटलात होते ती, स्वतःच्या रक्तातल्या स्टेम सेल काढून ठेवतात, जोरदार केमो देऊन प्रतिकारशक्ती पुसून टाकतात आणि मग त्या परत देतात. ती खरी आहे. २०१९ मध्ये ११० लोकांच्या चाचणीत औषधांपेक्षा खूपच चांगली ठरली. पण ती तरुण, अटॅक चालू असलेल्या, औषधाला न जुमानणाऱ्या लोकांसाठी. अटॅक थांबलेल्या, वॉकरवरच्या माणसाला तिचा उपयोग कमी आणि धोका जास्त. दुसरी, तुम्हाला फोनवर सांगतात ती, मणक्यात इंजेक्शनं. तिला केमो नसतो, पुरावा नसतो, फक्त पॅकेज असतं.

मिलिंद_क:

हे सीएआर-टी काय आहे मग? मुंबईत आयआयटी आणि टाटा मेमोरियलने स्वस्तातली काढली ना.

मिरजकर_फिजिशियन:

काढली, २०२३ मध्ये मंजूर झाली, अभिमानाची गोष्ट आहे, पण ती ब्लड कॅन्सरसाठी. यात पेशंटच्याच टी पेशी (प्रतिकारशक्तीच्या दुसऱ्या पेशी) काढून, बदलून परत देतात. एमएसमध्ये परदेशात मोजक्या पेशंटांवर सुरुवातीचे प्रयोग चाललेत. कल्पना अशी की रिटुक्सिमॅब जिथे पोचत नाही तिथल्या बी पेशीही मारायच्या. आज कोणी एमएससाठी विकत असेल तर पळा.

ऋतुजा_ठाणे:

मी गेले दोन आठवडे हा धागा नुसता वाचतेय. मागच्या महिन्यात निदान झालं, वय २७, साखरपुडा झालेला आहे. सासरचे चांगले आहेत पण सासूबाईंनी हळूच विचारलं की मुलं होतील ना. नेटवर काय काय लिहिलंय. टेरिफ्लुनोमाइड लिहून दिलंय.

निशिगंधा_नाशिक:

ऋतुजा, होतील. मला झालंय एक, आता दहावीला आहे आणि माझं डोकं खातोय. १९९८ मध्ये युरोपात २५४ बायकांवर अभ्यास झाला होता, गरोदरपणात शेवटच्या तिमाहीत अटॅक खूप कमी होतात आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत वाढतात. त्यामुळे बाळंतपणानंतर घरात कोण असणार, रात्रीचं कोण बघणार, आणि औषध कधी परत सुरू करायचं हे आधीच ठरवायचं. आनुवंशिक आहे का विचारलं तर सांग, धोका थोडा वाढतो पण बहुतेक मुलांना होत नाही.

पण टेरिफ्लुनोमाइडचं मात्र उद्याच्या उद्या डॉक्टरला विचार. ते गरोदरपणात चालत नाही आणि बंद केल्यावरही अंगात महिनोन्महिने राहतं, लवकर घालवायचं तर कोलेस्टिरामिनची पावडर घ्यावी लागते. तुझ्या वयाच्या, लग्न ठरलेल्या मुलीला "मूल कधी हवंय" हे औषध लिहायच्या आधी विचारायला हवं होतं. डॉक्टर विचारत नसतील तर आपण सांगायचं.

वैदेही_स्टॉकहोम:

आणि ऋतुजा, बी पेशीवालं औषध ठरलं तर पहिल्या डोसच्या आधी लशी उरकून घे. जिवंत लशी चार आठवडे आधी, बाकीच्या निदान दोन आठवडे आधी. कांजिण्या झाल्यात का ते आईला विचार, हिपॅटायटिस बी ची टेस्ट तर करायलाच हवी, असेल तर या औषधाने उसळतो. डोसच्या दिवशी पहिला तास सलाईन अगदी हळू ठेवतात, घसा खवखवला किंवा कान गरम झाले तर लगेच सिस्टरला सांग, लाजायचं नाही. स्पीड कमी केला की बहुतेकदा जातं.

कागदवाला_संभाजीनगर:

वैद्यकीय मला कळत नाही, विम्यात काम करतो म्हणून तेवढंच. पॉलिसीत "आधुनिक उपचार" म्हणून एक यादी असते, त्यात इंजेक्शनने द्यायच्या मोनोक्लोनल अँटीबॉडी येतात. रिटुक्सिमॅब त्यातच. कंपनी सब-लिमिट (त्या उपचारापुरती कमी मर्यादा) लावू शकते म्हणून ती ओळ शोधून वाचा. डॉक्टरच्या पत्रात आजार, आधी कुठली औषधं झाली आणि हे का, हे तीन मुद्दे असू द्या. "ॲडव्हाइस्ड इन्फ्युजन" एवढंच लिहिलं की क्लेम लटकतो. क्रिटिकल इलनेस पॉलिसीतही एमएस असतो, पण त्यात लक्षणं सलग सहा महिने टिकलेली लागतात, आणि निदानानंतर नवीन पॉलिसी काढून काही उपयोग नाही.

तात्या, २०१६ च्या दिव्यांग कायद्यात एमएसचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. मुलाचं यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्र) कार्ड काढलंय का? ऑनलाइन अर्ज, मग सिव्हिलला तपासणी. ४० टक्के किंवा वर लागतं बहुतेक सवलतींना. जाताना एमआरआयच्या फिल्म आणि न्यूरोचं पत्र न्या, आणि मुलाला त्या दिवशी उगाच उसनं अवसान आणून चालायला लावू नका.

तात्या_बार्शीकर:

कार्ड काढलंय, ५५ टक्के. फोनवाल्याला ब्लॉक केलं. डॉक्टरसाहेब, मुलाच्या फाइलमध्ये ती ॲक्वापोरिनची टेस्ट कुठे दिसत नाही. करून घेऊ का? आणि उन्हाळ्यात त्याला फारच त्रास होतो, दुपारी पाय उचलतच नाही, संध्याकाळी परत बरा. हा अटॅक समजायचा का, मागच्या मे मध्ये स्टिरॉइडची सलाईनं दिली होती इथल्या डॉक्टरांनी.

मिरजकर_फिजिशियन:

तात्या, तुमच्या वर्णनावरून ती टेस्ट पहिल्या नंबरवर नाही. एनएमओमध्ये माणूस अटॅकमध्ये पडतो, दोन अटॅकच्या मध्ये असा हळूहळू खालावत जात नाही सहसा. न्यूरोलॉजिस्टला एकदा फिल्म दाखवून विचारा, पण तेवढ्यासाठी पैसे घालायची घाई नको.

दुपारचं ते अटॅक नाही. अंगाचं तापमान थोडं जरी वाढलं की मायलिन गेलेली नस सिग्नल नीट नेत नाही, थंड झालं की परत नेते. पूर्वी एमआरआय नव्हता तेव्हा पेशंटला गरम पाण्याच्या टबात बसवून निदान करायचे, आता कोणी करत नाही. ताप, युरिन इन्फेक्शन यानेही तसंच होतं, म्हणून मे मध्ये असं झालं तर स्टिरॉइडच्या आधी युरिन तपासा. ओला पंचा मानेवर, कामं सकाळी, आणि शक्य असेल तर एक खोली थंड. चोवीस तासांवर टिकलं, ताप आणि इन्फेक्शन नाही, तरच अटॅकचा विचार.

आणि चालण्यासाठी फॅम्प्रिडिन नावाची गोळी आहे, तिचं कोणी बोललंय का तुमच्याशी? आजार थांबवत नाही, पण साधारण एक तृतीयांश लोकांचा चालण्याचा वेग वाढतो. दोन आठवडे देऊन बघायची, आधी आणि नंतर पंचवीस फूट चालायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून मोजायचं, फरक नसेल तर बंद. आकडी येऊन गेली असेल किंवा किडनी कमजोर असेल तर द्यायची नाही.

तात्या_बार्शीकर:

आकडी कधी नाही. फॅम्प्रिडिन लिहून घेतलं, सोलापूरला न्यूरोकडे पुढच्या आठवड्यात जातोच आहे तेव्हा विचारतो. किडनीचा रिपोर्ट गेल्या वर्षीचा आहे तो चालेल का?

मिरजकर_फिजिशियन:

नाही, नवीन करा. क्रिएटिनिन आणि युरिन रुटीन, दोन्ही एकदमच द्या, बार्शीतच होईल. रिपोर्ट घेऊनच सोलापूरला जा म्हणजे परत फेरी नको.